जिकडे तोंड असेल तिकडे

लिफ्टमध्ये मी एकटीच होते म्हणून त्या कार्डाकडे लक्ष गेलं. एरवी कोण बघतं? बटणांच्या वर एक पारदर्शक खिसा असतो, त्यात पुठ्ठ्याचं कार्ड, कार्डावर महिन्यांचे रकाने आणि प्रत्येक रकान्यात तपासणाऱ्याची सही आणि तारीख. दार लागलं, लिफ्टनं नेहमीचा हलका हिसका दिला आणि मला दिसलं की शेवटची सही पंचवीस तारखेची आहे. आज एकोणीस. मी पुन्हा पाहिलं. पंचवीसच. निळ्या शाईतली, ऐटीत केलेली, शेपटीखाली दोन टिंबं दिलेली सही. ज्या दिवशी ही लिफ्ट तपासली जाणार होती तो दिवस अजून उजाडायचा होता, आणि लिफ्ट मात्र तपासून झाली होती. लिफ्ट तुटून पडेल असं मनातही आलं नाही. आंघोळीला बसावं आणि बादलीत दुसऱ्या कुणाचे केस तरंगताना दिसावेत, तशी शिसारी आली. अकरा मजले मी त्या दोन टिंबांकडे बघत उभी राहिले. माझ्या पिशवीत भाषणाचे कागद होते, आणि माझ्या सहीचे पाच कागद सोमवारपासून साइटवरच्या ऑफिसच्या कंटेनरमध्ये पडलेले होते. सोमवारचा, मंगळवारचा, बुधवारचा, आजचा आणि उद्याचा.

बाबा लिफ्ट तपासनीस होते. शाळेला सुट्टी असली की मला बरोबर न्यायचे. त्यांची एक चामड्याची बॅग होती. आत टॉर्च, पाने, एक जाड फडकं. त्या बॅगेचा मला फार अभिमान होता, आणि ती उघडलेली मी कधीच पाहिली नाही हे लक्षात यायला बरीच वर्षं लागली. आम्ही इमारतीत जायचो, मॅनेजरच्या खोलीत बसायचो, बाबांना चहा यायचा, मला सरबत यायचं आणि मग बाबा म्हणायचे, "आणा, कार्ड आणा." एकदा मी विचारलं, "बाबा, वर नाही जायचं बघायला?" तर म्हणाले, "वर काय आहे बघायला? चाक आहे, दोर आहे. कालपण होता." मॅनेजर खो खो हसला. मीपण हसले. नऊ वर्षांची होते, आपले बाबा विनोदी आहेत याचा आनंद झाला. मी चौदा वर्षांची असताना एका कापडाच्या गोदामातली मालाची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून सुटली. आत एक हमाल बाई होती, तिचे दोन्ही पाय गेले. चौकशी झाली. कार्डावर बाबांची सही होती, तारीख होती, सगळं जिथल्या तिथे होतं, म्हणून बाबांना काही झालं नाही. पुढे कितीतरी वर्षं ते पाहुण्यांना सांगायचे, "सही होती म्हणून निभावलं, नाहीतर गेलो होतो बाराच्या भावात." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी जेवत होते. ताटावरून उठले. त्या दिवसापासून मी त्यांच्या ग्लासातून पाणी प्यायले नाही. आईनं एकदा कारण विचारलं तर म्हटलं, मिशी बुडते त्यांची. कारण ते नव्हतं.

अकराव्या मजल्यावर साहेब दाराशीच उभे होते. प्रकल्पाचे मुख्य म्हणजे हे. शहराबाहेर जो महामार्ग होतोय त्याचा शेवटचा शब्द यांचा. "या, कासवबाई, या! तुमचीच वाट बघतोय." कासवबाई हे नाव साइटवर पडलं आणि मग सगळीकडे पसरलं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. बावीस वर्षं मी कासवांमागे हिंडले आहे, चिखलात, उन्हात, गुडघाभर शेवाळात. त्यातली बारा वर्षं या एकाच जातीमागे: तळहाताएवढं, पाठीवर पिवळे ठिपके, आता उरलंय ते या दोन तळ्यांत आणि आणखी एक-दोन ठिकाणी. त्या दोन तळ्यांच्या मधून महामार्ग जाणार होता. सरकारनं अट घातली की रस्त्याच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी काळ्या प्लास्टिकचं गुडघाभर कुंपण घाला, आणि कासवांची माहिती असलेलं एक माणूस नेमा. त्या माणसानं रोज पहाटे यंत्रं सुरू व्हायच्या आधी अडीच किलोमीटर कुंपण पायी फिरायचं, आतून आणि बाहेरून, आणि आत एकही कासव नाही असं लिहून सही करायची. सही असल्याशिवाय एक यंत्र हलायचं नाही. मला हे काम मिळालं तेव्हा मी हरखून गेले होते. बघणं हेच काम, आणि बघितल्याची सही. बाबांच्या अगदी उलट, असं मी मनाशी म्हटलं होतं, आणि त्याची मला थोडी मस्तीही होती.

मीटिंगच्या खोलीत पडद्यावर एक भलंमोठं शून्य होतं. शंभर दिवस, शून्य मृत्यू. शून्याच्या पोटात एक हसरं कासव काढलं होतं, त्याच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट. कासव हसत नाही. त्याच्या तोंडाची ठेवण तशी असते, मरतानाही तशीच असते, हे मी त्या चित्रकाराला दोनदा कळवलं होतं. साहेब बोलले, मग मी बोलले. माझा आवाज छान लागला होता. मंगळवारी मी त्या भाषणासाठी फोटो काढायला मुद्दाम साइटवर गेले होते, ते फोटो एकामागून एक आले: कुंपण, तळं, कुंपण आणि मागे तळं. चौथ्या फोटोशी मी अडखळले. फोटोत कुंपणाच्या आतल्या बाजूनं, प्लास्टिकला अगदी चिकटून, जमिनीवर एक पट्टी दिसत होती. वीतभर रुंद, गवत मेलेलं, माती चोपून चोपून चकाकणारी. मंगळवारी कॅमेऱ्यातून बघतानाही मला ती दिसली होती. आणि ती काय आहे हे मला दिसताक्षणी कळलं होतं. बावीस वर्षं घातलेल्या बाईला ते कळणार नाही तर कुणाला? आत अडकलेलं कासव पाण्याकडे जाण्यासाठी कुंपणाच्या कडेकडेनं चालतं, टोकापर्यंत जातं, परत येतं, दिवसभर, कित्येक दिवस. एका कासवानं एवढी वाट पडत नाही. तरी मंगळवारी मी स्वतःला म्हटलं होतं, उंदीर असतील. उंदीर! कोपरा तिथून शंभर पावलांवर होता. मी गेले नाही. बाबांच्या औषधाची वेळ झाली होती, ऊन होतं, फोटो चांगले आले होते, आणि खरं सांगायचं तर कोपऱ्यावर जाऊन बघितलं असतं तर मला दिसलं असतं. "पुढचा फोटो," मी म्हटलं.

बाबा पडले त्याला आता सत्तर दिवस होतील. खुब्याचं हाड मोडलं. तोवर मी एक दिवस चुकवला नव्हता; साडेचारला उठून, सव्वापाचची पहिली बस धरून जात होते. बाबा घरी आले आणि पहाटे त्यांना उठवून, धुऊन, कपडे बदलून साइटवर पोचणं जमेना. पहिल्यांदा एकच दिवस चुकला. मुकादम फोनवर म्हणाला, "बाई, रोज शून्यच असतं की, उद्या आल्यावर करा सही." त्या उद्या मी दोन सह्या केल्या. मग आठवड्याला तीन, मग पाच. आता मी सोमवारी जाते, कंटेनरमध्ये बसते, मुकादम खुर्ची पुसून देतो आणि मी म्हणते, "आणा, फॉर्म आणा." हे वाक्य माझ्या तोंडून कुठल्या चालीत निघतं ते मला आज लिफ्टमध्ये ऐकू आलं.

टाळ्या झाल्या. मग केक आला. कासवाच्या आकाराचा. हिरवंगार क्रीम, त्यावर पिवळे ठिपके, चॉकलेटचे डोळे. प्रसिद्धी विभागातली मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्हीच कापायचा." सगळे मोबाइल वर आले. मी सुरी पाठीवर टेकवली. आत लाल निघालं, थरावर थर, ओलसर. कुणीतरी "अय्या" म्हणालं आणि हशा पिकला. साहेबांनी पुढचा एक पाय उचलून माझ्या तोंडाशी धरला. "घ्या घ्या, पहिला घास तुमचा." मी तोंड उघडलं. ते क्रीम जिभेवर साबणासारखं पसरलं, दातांवर बसलं, टाळूला चिकटलं. समोर वीस माणसं कासव खात होती; एकाच्या मिशीत हिरवं लागलं होतं, एक जण डोळा चोखून काढत होता. मला ओकारी येत होती आणि मी हसत होते. त्यातच साहेब कानाशी आले. "उद्या सकाळी ते वाळूचं टेकाड काढून टाकतो. सात वाजता पोकलेन लावतोय. तेवढं गेलं की सरळ पट्टा."

"उद्या?" मी म्हटलं. "पाहणी करून मग..."

"अहो, तुमची उद्याची सही आली की सोमवारीच!" ते डोळे मिचकावून हसले. "मला वाटलं होतं तुम्ही फार त्रास द्याल. पण तुम्ही अगदी आमच्यातल्या निघालात."

त्यांना ठाऊक होतं. इतके दिवस ठाऊक होतं, आणि ते त्यांना आवडलं होतं. टेकाड कुंपणाच्या आत होतं. या कासवांच्या माद्या पाण्यातून निघून अंडी घालायला कोरड्या वाळूत जातात, आणि आसपास वाळू म्हणजे ते एकच टेकाड. अंड्यांचे दिवस सुरू झाल्याला तीन आठवडे झाले होते. आत माद्या असतील तर टेकाडात अंडी आहेत. आत्ता, इथे, मी एवढंच म्हणायचं होतं की साहेब, उद्याची सही खोटी आहे, टेकाडाला हात लावू नका. पण उद्याची खोटी म्हटली की आजची खोटी, कालची खोटी, सत्तर दिवसांच्या खोट्या. मग ते शून्य खोटं, आणि बावीस वर्षांच्या माझ्या नावाला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. तोंडात केक होता. मी तो गिळला आणि म्हटलं, "छान झालाय."

घरी आले तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते. शेजारच्या काकू किल्ली देऊन गेल्या. गुरुवारी मी त्यांच्या पायांची नखं कापते. कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवायचे, मग मांडीवर घ्यायचे. नखं पिवळी, जाड, खालून भुगा निघतो, त्याला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास. मुलगी म्हणून हे करताना मला माया वाटायला हवी. मला किळस येते, दर गुरुवारी येते, आणि किळस येते म्हणून मी आणखी हळुवार कापते. त्यांना वाटतं मी किती जपते त्यांना. कदाचित जपतही असेन. "आज गप्प का?" बाबांनी विचारलं. मी मान वर न करता सगळं सांगितलं. सह्या, ती वाट, उद्याचं टेकाड. का सांगितलं कोण जाणे. हे समजेल असं जगात दुसरं कोणी नव्हतं म्हणून असेल. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. कितीतरी वर्षांनी. "सही केलीस ना?" ते म्हणाले. "मग तुला कोण काय म्हणणार? कागद सरळ आहे. तू घाबरू नकोस, बाळा."

तो हात मऊ होता. तो तसाच डोक्यावर राहावा असंही मला वाटलं, आणि तेवढ्यात मला कळलं की ही माया खरी आहे, त्या बाईचे पाय गेले तेव्हाही हे असेच मायाळू होते, घरी येताना माझ्यासाठी चित्रकलेची वही घेऊन आले होते. वाईट माणसं असती तर किती सोपं होतं. "त्या बाईचं नाव काय होतं हो?" मी विचारलं. "कुठल्या बाईचं?" बाबा म्हणाले. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. मी दुसरा पाय मांडीवर घेतला. करंगळीच्या नखाशी थोडं रक्त आलं, ते "हळू गं" म्हणाले, आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं याचीही शिसारी आली.

सकाळी काकूंना उठवून किल्ली दिली आणि पहिल्या बसनं साइटवर गेले. काही ठरवून गेले असं म्हणवत नाही. जाऊन बघू, नसेल काही, असंच घोकत होते. कंटेनर बंद होता. मी फाटकातून आत शिरले आणि आतल्या बाजूनं चालू लागले. वाट पायाखाली होती, फोटोत दिसली त्याहून गुळगुळीत. पन्नास पावलांवर पहिली मादी मिळाली, उलटी नाही, सरळ, चालता चालता थांबल्यासारखी. डोळ्यांच्या जागी मुंग्या. पुढे दुसरी. तिचं नाक प्लास्टिकला टेकलेलं, आणि तिथं प्लास्टिकवर नखांचे ओरखडे, एकावर एक इतके की काळ्याचं पांढरं झालेलं. मग वास आला. वास कोपऱ्याकडून येत होता. कुंपण जिथं वळतं तिथं त्या एकमेकींवर चढल्या होत्या. पुढची अडली म्हणून मागची तिच्या पाठीवर, तिच्यावर तिसरी. खालच्यांची कवचं सुकून पापुद्रे सुटलेले, मधे काहीतरी पातळ झिरपलेलं, त्यावर निळ्या माश्यांचा थर, आणि मी वाकले तशी तो थर एकदम उठला आणि माझ्या तोंडावर आला. एक माशी ओठावर बसली. मी ओकले. कुंपणाला धरून ओकले, मग गुडघ्यांवर बसले आणि एक एक उचलून बाजूला ठेवू लागले, कारण ढिगाच्या तळातून काहीतरी खरवडल्याचा आवाज येत होता. अकरा मेलेल्या, पाच जिवंत. जिवंत असलेल्यांची मान ओढून आत घ्यायचीही ताकद उरली नव्हती. पाण्याचं तळं प्लास्टिकच्या पलीकडे वीस पावलांवर होतं. ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं, त्यांना फक्त त्याचा वास येत असणार.

पाचही मी पलीकडे नेऊन पाण्याच्या काठी ठेवल्या. परत आले तेव्हा पोकलेनवाला उभा होता. पन्नाशीचा माणूस, एका हातात डबा, दुसऱ्या हातात यंत्राची चावी. मेलेल्यांच्या रांगेकडे तो बघत होता.

"बाई, हे काय झालं?"

"आत अडकल्या," मी म्हटलं. "आत आल्या कशा तेच कळत नाही. कुंपण कुठंच फाटलेलं नाही."

"आल्या कशा म्हणजे? आम्हीच सोडल्या." तो साधेपणानं म्हणाला. "रोज एक-दोन यायच्या, बाहेरून कुंपणाला डोकं लावून बसायच्या. तुम्ही शिकवलंवतं ना, कासवाला कधी मागं फिरवायचं नाही. जिकडे तोंड असेल तिकडे सोडा. मी उचलून आत सोडायचो. अठरा सोडल्या मी. मोजल्यात."

मी शिकवलं होतं. पहिल्या आठवड्यात, लाकडी खोक्यावर उभी राहून, हातात प्लास्टिकचं कासव धरून. ती कुठं जायचं ते ठरवून निघालेली असते, तिला मागं फिरवाल तर पुन्हा निघेल आणि चाकाखाली येईल, म्हणून जिकडे तोंड असेल तिकडे सोडा. सत्तर माणसांकडून मी ते तीन वेळा वदवून घेतलं होतं. रस्ता ओलांडणाऱ्या कासवासाठी ते बरोबरच आहे. कुंपणाचं वेगळं सांगायला हवं हे मला सुचलंच नाही, कारण कुंपणाशी रोज पहाटे मी असणार होते. "आणि त्या आतून परत यायच्या तेव्हा?" मी विचारलं.

"तेव्हा त्यांचं तोंड कडेकडेनं असायचं," तो म्हणाला. "मग मी कडेकडेनंच ठेवायचो. मुकादमाला विचारलं दोनदा, बाईंना कळवू का? तो म्हणाला, बाईंची सही आहे, बाई रोज बघतात. म्हटलं मग बरोबरच असेल." तो खाली बसला. एका मादीच्या पाठीवर त्यानं बोट ठेवलं आणि लगेच काढलं. "म्हणजे माझ्याच हातानं..."

"तुमचा काही दोष नाही."

"मग कुणाचा?" त्यानं विचारलं. तावातावानं नाही, त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. माझ्याकडे त्यानं पाहिलं तेव्हा त्या नजरेत अजूनही आदर होता. तो माझ्याच्यानं बघवला नाही. सात वाजायला दहा मिनिटं होती.

मी मुकादमाला कंटेनर उघडायला लावला. टेबलावर आजच्या सहीचा कागद होता, माझ्या वळणदार अक्षरात शून्य लिहिलेला. तो मी घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. मेलेल्या अकरा, जिवंत पाच, दोन टेकाडावर असण्याची शक्यता, टेकाडात अंडी असणार, खोदकाम थांबवावे. इथवर पेन भराभर चाललं. मग मी लिहिलं, "कासवे आत सोडली गेली." सोडली गेली! किती सोयीचं वाक्य. कुणी सोडली ते त्यात कुठंच नाही. पोकलेनवाला खांद्यावरून बघत होता. "माझं नाव घाला, बाई," तो म्हणाला. "अठरा मी सोडल्या, तसं लिहा. उगाच दुसऱ्या पोरांवर नको यायला." माझे कान तापले. या माणसाला यातून काही मिळायचं नव्हतं, आणि त्याला अर्धा श्वाससुद्धा विचार करावा लागला नाही. मी ते वाक्य खोडलं. लिहिलं की कामगारांनी ती आत सोडली कारण मी त्यांना तसं शिकवलं होतं. आणि सत्तर दिवसांत मी एकेक दिवस चुकवत गेले, शेवटी शेवटी कुंपण फक्त सोमवारी, आणि तेही अर्धंमुर्धं, फिरले. बाकीच्या सगळ्या सह्या न बघता केलेल्या आहेत. शेवटचा शब्द लिहिताना मला वाटलं होतं की हलकं वाटेल. काही हलकं वाटलं नाही. फक्त हाताचा वास कागदाला लागला.

बाहेर गाडीचं दार वाजलं. साहेब आले होते, इस्त्रीच्या शर्टावर नवं कोरं हेल्मेट. टेकाड पाडताना फोटो काढायचे होते. मुकादम त्यांच्या कानाला लागला होता. रांगेत ठेवलेल्या मेलेल्या माद्या त्यांनी लांबूनच पाहिल्या, मग थेट माझ्याकडे आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, यात तुमचं काही जात नाही. कामगारांनी परस्पर उद्योग केलाय. त्या ड्रायव्हरला आजच काढू. तुम्ही सोमवारी सही केलीत तेव्हा सगळं ठीक होतं, एवढं म्हणा. कागद सरळ आहे तुमचा." अगदी हाच शब्द. दोन ठिकाणी, दोन तोंडांतून, एकच शब्द, आणि दोन्ही वेळा माझ्या भल्यासाठी. पोकलेनवाला चार पावलांवर उभा होता. त्याला ऐकू गेलं होतं. त्यानं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"नाही," मी म्हटलं. "शिकवलं मी. आणि बघितलं नाही मी." मी कागद पुढे केला.

साहेब एक पाऊल मागे सरले. त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. आधी मला वाटलं ते रागावले आहेत. मग दिसलं की ते माझ्याकडे कसे बघताहेत. माझ्या बाह्या कोपरापर्यंत भरल्या होत्या, सदऱ्यावर ते पातळ सुकून कडक झालं होतं, केसांत एक माशी अडकून गुणगुणत होती. कासवबाई, आमच्यातल्या, म्हणणारा माणूस माझ्याकडे किळसून बघत होता. मुकादमही सरकला. आणि वास खरंच येत होता. त्या ढिगाचा होता, आणि मला तो स्वतःपासून वेगळा काढता येत नव्हता.

"बाई, तुम्ही आधी हात धुऊन या," रुमालाच्या आडून साहेब म्हणाले. "मग बोलू आपण. शांतपणे."

हात धुऊन आले असते तर आम्ही बोललो असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"आधी कागद घ्या," मी म्हटलं.

त्यांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादम जमिनीकडे बघत होता. मी हात तसाच पुढे धरून उभी राहिले, खांदा दुखायला लागला तरी. शेवटी साहेबांनी दोन बोटांच्या चिमटीत तो कागद धरला, अंगापासून लांब, आणि वाचायला लागले.